गेल्या सालचा रस

आप्पा दारूच्या थेंबाला शिवत नसत, आणि बाटलीचं झाकण काढायचं साधन मात्र सदैव कमरेला बाळगत. गळ्यात तुळशीची माळ, पांढरा हाफ शर्ट, पांढरी पँट, आणि पट्ट्याला अडकवलेलं ते चामडी पाकीट. पाकिटात घडीचं हत्यार. उघडलं की पक्कड, आत चाकू, पेचकस, कानस, छोटी करवत, आणि एका अंगाला दोन आखूड पाती: एकानं बाटलीचं बूच निघायचं, दुसऱ्यानं पत्र्याचा डबा उघडायचा. आमचं नवापूर गुजरातच्या उंबऱ्यावर बसलेलं. पलीकडे दारूबंदी, अलीकडे मोकळं रान, त्यामुळे बाटली या विषयावर गावात थट्टेला तोटा नसतो. माळकरी माणसाच्या कमरेला बाटलीची किल्ली बघून लोक आप्पांना सोडतील, हे शक्यच नव्हतं. आप्पा रागावत नसत. रागावण्याऐवजी ते पटवून द्यायला बसत, आणि ते जास्त वाईट होतं.

मी त्यांच्या शेजारी राहायला आले त्याच आठवड्यात त्यांनी मला पटवलं होतं. मी इथल्या शाळेत गणित शिकवते, म्हणून मी त्यांची मास्तरीणबाई. सामान उतरवत होतो, आणि एका खोक्याची दोरी सोडवायला मी विळी शोधत होते. आप्पा कुंपणावरून म्हणाले, थांबा. दोरी चाकूनं कापली, ती एका क्षणात. पुढची वीस मिनिटं मी उन्हात उभी राहून ऐकत होते की चाकू हा त्या हत्यारातला सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग कसा आहे.

"चाकू समदासकडे ऱ्हास," ते अहिराणीत म्हणाले. "पन चाकू लिसन डबाले भिडा, की चाकू बी जास नी डबा बी जास."

आप्पा पाटबंधारे खात्यात भांडारपाल होते. सगळी नोकरी त्यांनी दुसऱ्यांच्या हातात हत्यारं दिली आणि परत मोजून घेतली. पाने, घमेली, टिकाव, सगळं त्यांच्या खिडकीतून बाहेर जायचं आणि मोडून परत यायचं. वाकलेली पाती बघून त्यांचा जीव तुटायचा. त्यांचं ठाम मत होतं की खात्यातले निम्मे पेचकस पेच काढताना मोडले नसून डबे उघडताना मोडले. निवृत्तीला मुलानं, नीलेशनं, सुरतेहून हे हत्यार आणून दिलं तेव्हा त्यांच्या हाताला पहिल्यांदा स्वतःचं असं काही लागलं. ते त्यांनी पुन्हा कुणाच्या हातात दिलं नाही. काम घेऊन या, मी करून देतो. हत्यार मिळणार नाही.

या हट्टापायी एकदा मोठीच गंमत झाली. गल्लीतल्या एका लग्नात मांडवामागे नवरदेवाचे मित्र बियरच्या बाटल्या घेऊन बसले होते आणि त्यातला एकजण दातानं बूच काढायला गेला होता. आप्पा तिकडून चालले होते. त्यांनी ते पाहिलं आणि त्यांना राहवलं नाही. पोरं म्हणाली, आप्पा, द्या ना हत्यार. आप्पा म्हणाले, "मी कोनाना हातमां देत नही. बाटली आन आठे." आणि मग तो माळकरी माणूस खुर्ची ओढून बसला आणि एकेक बाटली उघडून देत गेला, प्रत्येक बाटलीबरोबर दारूचे दुष्परिणाम सांगत. पोरं हो हो म्हणत होती आणि पुढची बाटली पुढे करत होती. दुसऱ्या दिवशी गावभर झालं की आप्पा रात्री बसले होते. जिजी, म्हणजे त्यांची बायको, दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी कुंपणापाशी येऊन मला म्हणाली, "मन्हा नवरा पेत नही, पाजस." आणि इतकी हसली की पदर तोंडात धरावा लागला.

पण लग्नांमध्ये आप्पांची खरी जागा होती ती आचाऱ्याजवळ. आमच्याकडे पंगत म्हणजे वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी, आणि बट्टी तळायची म्हणजे तेलाचे डबे. आप्पा येण्यापूर्वी डबा उघडायची रीत अशी, की कोयता उभा धरायचा आणि वरून दगड हाणायचा. तेल निघायचं, पण डब्याच्या तोंडाला दातेरी कात्रे राहायचे, आणि त्यावर दर लग्नात कुणाचा तरी हात कापायचा. आप्पांची पद्धत संथ. डब्याच्या कडेखाली ते आखूड पातं अडकवायचं, मनगट उचलायचं, नखभर पुढं सरकायचं, पुन्हा मनगट उचलायचं. आचारी ताटकळत उभा, कढई तापलेली, आणि आप्पांचं मनगट आपल्या गतीनं वर-खाली. अख्खं झाकण सुटून हातात यायचं. मग पक्कड घेऊन ते डब्याची कड आत दाबून घ्यायचे. रिकामा डबा धान्याला, आंघोळीच्या पाण्याला, कुठंही चालायचा. आमच्या गल्लीत त्या डब्यांना आप्पांचे डबे म्हणतात. माझ्या घरात ज्वारी ठेवलेला डबा त्यातलाच आहे, आणि त्याच्या आत हात घालताना मी अजून एकदाही विचार केलेला नाही. लग्नघरचे लोक पुढं पुढं पत्रिकेबरोबर त्यांना सांगून जायचे, आप्पा, डब्यांना या.

मध्येच एका दिवाळीला नीलेशनं नवं हत्यार आणलं. जास्त हलकं, जास्त चकचकीत. आप्पांनी सगळी पाती एकेक करून उघडली, बंद केली, आणि विचारलं, डब्याचं कुठंय? नीलेश म्हणाला, हल्ली देत नाहीत. बाटल्यांना फिरकीची झाकणं असतात, डब्यांना कडी असते, ओढली की उघडलं. आप्पांनी त्याला शांतपणे विचारलं की कडी तुटली तर हातात काय राहतं. ते नवं हत्यार कपाटात गेलं ते गेलंच. त्या वेळी मला हसू आलं होतं, आणि नीलेशची थोडी दयाही.

जिजीबद्दल मी अजून नीट सांगितलं नाही. बुटकी, गोरी, आवाज खणखणीत. सकाळी ओट्यावर बसून दातांना मिश्री लावायची आणि त्याच बैठकीत गल्लीतल्या सगळ्यांची खबर घ्यायची. आप्पांच्या हत्याराला ती 'सवत' म्हणायची. आप्पा जितके समजावून सांगणारे, तितकी ती एका वाक्यात निकाल लावणारी. तिच्या बोलण्यात एकच विषय असा होता ज्याच्याजवळ ती हळू व्हायची, तो म्हणजे रेखा. त्यांची थोरली. कॉलेजात असताना काविळीनं गेली, आखाजीच्या तोंडावर. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खानदेशात तो लेकींचा सण. सासरच्या पोरी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. आणि त्याच दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरतात, वर आंबा ठेवतात, निखाऱ्यावर रसपोळीचा घास टाकतात. त्यांना दिल्याशिवाय घरात नवा आंबा कापत नाहीत. बऱ्याच घरांत ही रीत आता सैल झालीय. जिजीच्या घरात झाली नव्हती. बाजारात फाल्गुनापासून आंबा दिसायचा, नातवंडं रडायची, पण रेखाची घागर भरेपर्यंत त्या घरात आंब्याचा वासही यायचा नाही.

गणपती झाल्यावर जिजीच्या गालात आतल्या बाजूनं गाठ लागली. तिनं ती महिनाभर कुणाला सांगितली नव्हती. चिंचपाड्याच्या दवाखान्यात दाखवलं, तिथल्या डॉक्टरांनी त्याच दिवशी सुरतेला पाठवलं. सुरतेला कॅन्सर निघाला, रेडिएशनचे शेक दिले, गाल काळा पडला, आणि दिवाळीनंतर डॉक्टरांनी नीलेशला बाजूला घेऊन सांगितलं की आता घरी न्या, जे मागतील ते खाऊ घाला. नाकातून नळी घालू म्हणाले, तर जिजीनं मान फिरवली. आप्पांनी हे सगळं मला कुंपणापाशी सांगितलं, अगदी क्रमानं, भांडारातला माल सांगावा तसं. शेवटी म्हणाले की आखाजीपर्यंत नेतो तिला. आखाजीला तिनं नवा रस खाल्ला पाहिजे, तिच्या रेखाबरोबर. त्यापुढं त्यांनी काही मागितलं नाही, देवाकडेही नाही.

तेव्हापासून त्यांचं एवढंच काम. ती जे गिळेल ते शोधायचं. कढी चालली, मग झोंबायला लागली. भाताची पेज चालली, मग नको झाली. आणि पौषात, कडाक्याच्या थंडीत, जिजी एका दुपारी म्हणाली की रस खावासा वाटतो.

आता पौषात आंबा कुठला? पण आप्पा दुसऱ्या दिवशी पिशवीभर डबे घेऊन आले. हवाबंद आमरस, गुजरातेतून येतो, बारमाही लग्नं करणारे आचारी वापरतात तो. कडी नसलेले, जुन्या पद्धतीचे डबे. मी तिथंच होते. आप्पांनी डबा पाटावर ठेवला, पाकीट उघडलं, आणि जिजीनं उशीवरून हात वर केला. आखाजीआधी आंबा? रेखानं खाल्ला नाही अजून.

मला रागच आला. या बाईच्या पोटात दोन दिवस धड काही गेलेलं नाही आणि हिला रीत आठवतेय. मी काहीतरी बोलणार होते. आप्पांनी मला हातानं थांबवलं. ते पलंगाच्या कडेवर बसले आणि तिला पटवून द्यायला लागले, ज्या आवाजात त्यांनी मला चाकूचं सांगितलं होतं त्याच आवाजात.

"हाऊ नवा आंबा नही. गया सालना शे. गया साल रेखानी खायेल शे. मंग आते तू खावाले काय हरकत?"

जिजी विचार करत राहिली. खरंच विचार करत होती, डोळे छताकडे. मग तिनं मान हलवली. आप्पांनी डब्याच्या कडेखाली पातं अडकवलं. झाकण निघालं, रसाचा वास खोलीभर झाला. आप्पांनी रस फडक्यातून गाळला, धागा राहू नये म्हणून दोनदा, आणि चमच्यानं तिला भरवला. तिनं अर्धी वाटी घेतली. ते माझ्याकडे वळून बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा विजय लपत नव्हता. इतकी वर्षं ज्या पात्याची गावानं थट्टा केली त्या पात्यानं आज त्यांच्या बायकोच्या पोटात अन्न गेलं होतं.

माघ तसाच गेला. रोज दुपारी डबा. नीलेश नोकरीसाठी सुरतेला, सून मात्र इथंच असायची; ती म्हणायची मी उघडते, तर आप्पा हत्यार सोडत नसत. मी शाळेतून येताना खिडकीतून त्यांचं मनगट दिसायचं. जिजीचं वजन थांबल्यासारखं वाटत होतं. ती सुनेला हाताच्या खुणांनी स्वयंपाकातल्या चुका सांगायला लागली होती आणि सून तक्रार करायला माझ्याकडे यायला लागली होती. आम्हाला दोघींनाही ते बरं लक्षण वाटलं.

मग तिचं तोंड मिटायला लागलं. शेकानं जबडा आखडतो, डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. त्याला व्यायाम दिला होता: आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांमध्ये धरायच्या, आणि दर थोड्या दिवसांनी एक काडी वाढवायची. आप्पांनी कुल्फीवाल्याकडून कोऱ्या काड्यांचा गठ्ठा आणला. ओठाला टोचू नये म्हणून प्रत्येक काडीची कड त्यांनी हत्याराच्या कानशीनं घासून गोल केली. सकाळ-संध्याकाळ तिच्यासमोर बसून ते काड्या लावत, आणि तिच्याबरोबर स्वतःही तोंड उघडून धरत, ती थकून मान हलवेपर्यंत.

चैत्रात एकदा मी डब्यात ताक घेऊन गेले. आप्पा ओट्यावर बसले होते, हातात काड्या. मी विचारलं, किती झाल्या. त्यांनी मला काड्या दाखवल्या, मग त्यातली एक काढून बाजूला ठेवली.

"काल जितल्या बठन्यात, तितल्या आज बठत नही," ते म्हणाले. "हाई मन्हाकडथून उघडत नही, मास्तरीणबाई."

मी गणिताची बाई, पण वाढवायच्या काड्या कमी होत चालल्या तर पुढं काय, याचं उत्तर दोघांनाही येत होतं. मी ताक तिथं ठेवलं आणि उगाच ओट्यावरची काडी उचलून कड बघत राहिले. फार सुरेख घासली होती.

चमचा जाईना तेव्हा ओठात धरायच्या नळीनं, नळी ओढवेना तेव्हा सुई काढलेल्या पिचकारीनं, गालाच्या फटीतून, एकेक थेंब. रस आता पाणी घालून इतका पातळ करावा लागे की रंगच उरायचा. डबे होते, हत्यार होतं, आप्पा होते. जिजीला गिळता येत नव्हतं. कुणी कुणाला दोष द्यावा असं त्यात काहीच नव्हतं. नीलेश सुट्टी काढून आला तो सुरतेच्या बाजारातून पिवळ्याजर्द आंब्यांची पेटी घेऊन. त्याचं म्हणणं, ताज्या रसाची चव वेगळी, कदाचित घेईल. पेटी बघून जिजीनं डोळे मिटले. जीभ जड झाली होती, शब्द फुटत नव्हते, पण ती काय म्हणाली ते आप्पांना कळलं आणि त्यांनी आम्हाला सांगितलं: रेखानी आजून खादा नही, मी कशी खाऊ. नीलेश बाहेर येऊन भिंतीला टेकून रडला. त्याची बायको त्याला म्हणाली, जबरदस्तीनं भरवू या का. आप्पा म्हणाले, नको. आखाजीला थोडे दिवस राहिलेत, ती थांबलीय तर आपण थांबू. पेटी त्यांनी स्वतः उचलून बाहेरच्या खोलीत गवतात ठेवली.

आणि जिजी खरंच थांबली. कशाच्या बळावर ते डॉक्टरांनाही सांगता आलं नसतं.

आखाजीच्या दिवसाचं सांगते, कारण त्यानंतर त्या दोघांना एकत्र मी पाहिलं नाही. मला त्यांनी मुद्दाम बोलावलं होतं. गल्लीच्या टोकाला कडुलिंबाला झोके लागले होते, पोरींची गाणी घरात ऐकू येत होती. आप्पांनी सोवळं नेसून रेखाच्या नावाची घागर भरली. वर खरबूज, आंबा, सांजोरी. चुलीतले निखारे परातीत काढले, त्यावर तूप आणि रसपोळीचा घास टाकला. धूर वर गेला. जिजीचा पलंग दारातून दिसेल असा फिरवला होता, आणि ती धूर संपेपर्यंत बघत होती.

मग आप्पा वाटी घेऊन आले. नवा रस, हातानं पिळलेला, फडक्यातून गाळलेला. आता अडकायला काही नव्हतं. रेखाचं झालं होतं. इतके महिने ज्या दिवसासाठी ते धडपडले तो दिवस आला होता आणि ती जिवंत होती. त्यांनी पिचकारीत रस घेतला, तिच्या गालाशी नेला. थेंब आत गेला आणि ओठाच्या कोपऱ्यातून परत आला. दुसरा गेला, तोही आला. आप्पांनी फडक्यानं पुसलं. तिसऱ्याला तिला ठसका लागला, आणि तो इतका वेळ थांबेना की सुनेनं आप्पांच्या हातातून पिचकारी काढून घेतली. मी देवघराकडे बघत होते, कारण आप्पांकडे बघणं मला जमत नव्हतं.

ठसका थांबल्यावर जिजीनं वाटीवर दोन बोटं ठेवली आणि ती आप्पांकडे ढकलली. तुम्ही खा.

आप्पांना साखर आहे. किती वर्षं त्यांनी रसाला हात लावलेला नाही, सुनेनं तर चहासुद्धा बिनसाखरेचा केलेला. ते पलंगाच्या कडेवर तिच्याकडे तोंड करून बसले आणि चमच्यानं खायला लागले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला त्यांनी चमचा खाली ठेवला नाही. जिजीनं घशातून काहीतरी विचारलं. मला कळलं नाही.

"गोड शे," आप्पा म्हणाले.

ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती. तान्ह्याला भरवताना आईचे ओठ आपोआप हलतात, तसे आप्पांच्या प्रत्येक घासाला तिचे ते मिटलेले ओठ किंचित हलत होते. घासामागून घास, आणि शेवटी तिच्या गळ्यानंही एकदा गिळल्यासारखं केलं. आप्पांनी ते पाहिलं. वाटीत अजून रस होता, तोच त्यांनी ती आणखी घ्यायला सुनेपुढे केली.

"आखो वाढ," ते म्हणाले.